रेप्लिकेशन सेटिंगचा रिव्ह्यू: या चुका टाळा

ऐरोलीच्या ऑफिसला जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या मोबाइलवर पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे सहकाऱ्याने तपासणीसाठी पाठवलेला बदल) अप्रूव्ह करायची मला सवय होती. दिघा गाव येईपर्यंत एक-दोन व्हायचे. त्यातल्याच एकाने आमचा स्टँडबाय, म्हणजे मुख्य डेटाबेस सर्व्हरची (प्रायमरीची) सतत ताजी राहणारी प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, अख्खी रात्र बंद पडला. ही प्रत ठेवणं म्हणजेच रेप्लिकेशन.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याच्या आवृत्ती 12 वरून 13 वर जायचं होतं. वॉल, म्हणजे बदलांची नोंद, स्टँडबायसाठी किती मागेपर्यंत जपायची ते एक सेटिंग ठरवतं. 13 मध्ये 'वॉल_कीप_सेगमेंट्स' हे सेटिंग गेलं आणि त्याच्या जागी 'वॉल_कीप_साइझ' आलं. जुनं नाव फाइलमध्ये राहिलं तर सर्व्हर सुरूच होत नाही, म्हणून टीममधल्या मुलाने नाव बदललं. डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींतला फरक) एक लाल ओळ, एक हिरवी ओळ, दोन्हीकडे आकडा 64. मी 'ठीक आहे' लिहून अप्रूव्ह केलं.

आकडा तोच राहिला, पण एकक बदललं होतं. आधी ते 64 सेगमेंट, म्हणजे वॉलच्या फायली, होते, एकेक 16 एमबीचा, म्हणजे 1024 एमबी. नव्या सेटिंगमध्ये एकक लिहिलं नाही तर आकडा एमबीत धरला जातो. म्हणजे उरले फक्त 64 एमबी.

वॉल ही डेटाबेसची रोजकीर्द. आधी नोंद तिथे होते, खतावणी नंतर. स्टँडबाय ही रोजकीर्द वाचत प्रायमरीच्या मागोमाग चालतो. त्या रात्री पॅचिंगसाठी स्टँडबाय खाली घेतला होता आणि तेवढ्यात प्रायमरीवर बॅच सुरू झाली. स्टँडबाय परत आला तेव्हा त्याला हवी असलेली पानं प्रायमरीने केव्हाच काढून टाकली होती. "ताई, रिक्वेस्टेड वॉल सेगमेंट रिमूव्ह झालाय म्हणतोय," असा फोन आला. वॉलचं आर्काइव्ह आम्ही ठेवलं नव्हतं. शेवटी पूर्ण बेस बॅकअप घेऊन स्टँडबाय नव्याने उभा करावा लागला, आणि सकाळपर्यंत प्रायमरी एकटाच होता. हे आजही मनाला लागतं, कारण ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती.

तेव्हापासून रेप्लिकेशनचा पीआर मी मोबाइलवर बघत नाही. डिफमध्ये एकाच फाइलची ओळ दिसते, पण ती ओळ दोन मशीनमधला करार असते. दुसऱ्या मशीनवर काय आहे ते शेजारी उघडून ठेवल्याशिवाय ती वाचून झाली असं मी मानत नाही.

अशा प्रसंगानंतर लगेच दुसरी चूक होते: घाईघाईने रेप्लिकेशन स्लॉट जोडायचा. स्लॉट असला की स्टँडबायने वाचेपर्यंत प्रायमरी वॉल जपून ठेवतो. उपाय चांगला आहे, पण तो स्टँडबाय कायमचा काढून टाकला आणि स्लॉट तसाच राहिला, तर वॉल साठत जातो, डिस्क भरते आणि प्रायमरीच बंद पडतो. 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' हेही 13 मध्येच आलं, पण ते मुळात उणे 1 असतं, म्हणजे मर्यादाच नाही. स्लॉट जोडणाऱ्या पीआरमध्ये ही मर्यादा नसेल तर मी तो परत पाठवते. 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स'मध्ये ॲक्टिव्ह नसलेला स्लॉट दिसला की अलर्ट जातो का, हेही विचारते.

तिसरी चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते. ट्रॅफिक वाढलं म्हणून कोणीतरी प्रायमरीवर 'मॅक्स_कनेक्शन्स' 200 चं 400 करतं. स्टँडबायवर ते 200 च राहतं. हा आकडा स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी चालत नाही. 'मॅक्स_वॉल_सेंडर्स', 'मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस', 'मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स' आणि 'मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन' यांचंही तसंच. 13 पर्यंत स्टँडबाय सरळ बंद पडायचा, निदान कळायचं तरी. 14 पासून तो रिकव्हरी, म्हणजे प्रायमरीकडून आलेले बदल लावणं, थांबवतो आणि वाचनाच्या क्वेरी चालू ठेवतो. रिपोर्ट उघडतो, आकडे येतात, पण ते शिळे असतात. लॉगमध्ये वॉर्निंग असते, पण ती कोणी बघितली तर! म्हणून वाढवताना आधी सगळे स्टँडबाय, मग प्रायमरी.

'सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स' ही ज्यांच्या होकारासाठी प्रायमरीवरचा कमिट (व्यवहार पक्का करणं) थांबतो त्या स्टँडबायची यादी. तिच्यात एकच नाव दिसलं तर थांबा. तो एक स्टँडबाय गेला की प्रायमरीवरचे कमिट अडकून राहतात. वैतागून कोणी क्वेरी कॅन्सल केली तरी व्यवहार प्रायमरीवर झालेलाच असतो, फक्त वॉर्निंग येते. ॲप्लिकेशनने पुन्हा पाठवला तर नोंद दुबार होऊ शकते. दोन स्टँडबाय ठेवून 'एनी 1', म्हणजे कोणा एकाचा होकार पुरे, असं लिहिणं बरं. शिवाय स्टँडबाय महापेत आहे की चेन्नईत, हेही बघा: लांब असेल तर प्रत्येक कमिटला जाऊन-येऊन तेवढा वेळ लागणार.

रीलोड (सर्व्हर चालू ठेवून सेटिंग पुन्हा वाचणं) की रिस्टार्ट, हे पीआरच्या वर्णनात लिहून घ्या. 'मॅक्स_कनेक्शन्स'ला रिस्टार्ट लागतो. नुसतं रीलोड करून 'झालं' म्हणणारे बरेच असतात. 'पीजी_सेटिंग्ज'मधला 'पेंडिंग_रिस्टार्ट' हा कॉलम बघितला की लगेच कळतं.

आणि रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं. 'पीआर रिव्हर्ट करू' एवढं लिहिलेलं मला पुरत नाही, कारण आकडे कमी करताना क्रम उलटा होतो: आधी प्रायमरी, तो बदल स्टँडबायपर्यंत पोचू द्यायचा, मग स्टँडबाय. दोन्हीकडे एकदम रिव्हर्ट चालवणारी स्क्रिप्ट असेल तर ती रिव्ह्यूमध्येच अडवा.