स्वतःबद्दल प्रश्न पडलेल्या मुलीची कादंबरी लिहिताना

आपल्याला मुलगे आवडतात की मुली, की दोन्ही, हेच कळेनासं झालेल्या सतरा वर्षांच्या मुलीवर लिहायला बसाल, तेव्हा आधी एक पक्कं करा: उत्तर तुम्हाला माहीत असलं, तरी तिला ते माहीत नाही. मी कुमारांसाठीच्या कादंबऱ्यांचं संपादन करते. माझ्याकडे येणारी बरीच हस्तलिखितं इथेच अडतात. नायिका लेस्बियन आहे हे लेखकाने पहिल्याच पानावर ठरवलेलं असतं, आणि ती बिचारी शेवटपर्यंत नुसती कबुली द्यायची वाट बघत राहते. मग वाचणाऱ्या मुलीने पान कशासाठी उलटायचं?

धडधड, लाजणं, घाम फुटणं बाजूला ठेवा. तिचं लक्ष कुठे जातं ते लिहा. मैत्रीण केस बांधायला हिच्या मनगटातलं रबर मागून घेते, संध्याकाळी परत देते. त्यात एक लांब केस अडकलेला असतो. ही तो काढत नाही. रबर पुन्हा मनगटात न घालता कंपासपेटीत ठेवून देते. का, ते सांगू नका; विचारलं तर तिलाही सांगता येणार नाही. पुढच्या प्रकरणात ती एखाद्या मुलाच्या मेसेजची मनापासून वाट बघू दे. तेही खरंच असतं. लैंगिकतेचे अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्येच माणसांचे दोन कप्पे न करता ० (फक्त भिन्नलिंगी ओढ) ते ६ (फक्त समलिंगी ओढ) अशी मोजपट्टी मांडली होती. तुमची नायिका त्यावर मधे कुठेही असू शकते आणि तिथेच राहू शकते.

तिचं गुपित दुसऱ्याने चारचौघांत फोडायचं, ही कलाटणी फार सोपी आहे, म्हणूनच टाळा. वाचणारी मुलगी नेमक्या त्याच भीतीत दिवस काढत असते. अगदीच लागली, तर फोडणाऱ्याला दोन पानांत माफी मिळवून देऊ नका. आणि कृपा करून शेवटी कुणाला मारू नका.

समुपदेशक आणणार असाल, तर तिच्या तोंडी ‘उपचार’ नकोत. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. चुकीचं बोलणारी मोठी माणसं कादंबरीत जरूर असू द्या, पण ती चुकताहेत हे वाचकाला कुठेतरी कळलं पाहिजे.

आई-वडिलांचा प्रसंग आटोपशीर ठेवा. तो आपोआप मोठा होत जातो.

मलपृष्ठाचा मजकूर मी नेहमी दोनदा वाचते. अशी पुस्तकं पुष्कळदा लपवून वाचली जातात. घरच्यांसमोर हातात धरता येईल, तरी ज्याला हवंय त्याला ओळखू येईल, इतकंच तिथे लिहा.

शेवटी तिने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, ते तिच्यावर सोडा. ‘अजून माहीत नाही’ हेही चालेल, फक्त ते म्हणताना तिला पहिल्या प्रकरणाइतकी भीती वाटत नसावी. माझ्याकडे पाठवण्याआधी या प्रश्नातून गेलेल्या दोघातिघांना वाचायला द्या, आणि जिथे ते पानं गाळून पुढे जातील तो भाग पुन्हा लिहा.