लहान वर्गातली हजेरी : या चुका टाळा

‘पहिलीत तर आहे, एक दिवस नाही गेला तर काय बुडतंय?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. महिन्याला दोन दांड्या कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. दहा महिन्यांत त्या २० होतात आणि शाळेचं वर्ष २०० दिवसांचं धरलं तर दहावा हिस्सा गेला. घरच्या कॅलेंडरवर प्रत्येक दांडीला फुली मारा, शेजारी कारण लिहा. फुल्या सोमवारी आणि शुक्रवारीच जमत असतील तर त्याला आजारपण म्हणू नका.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे ‘वही पूर्ण करून घेतली, झालं!’ दुसरीतल्या मुलाने बुधवार बुडवला. त्या दिवशी वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन हातच्याची वजाबाकी झाली. २ सुट्यांतून ७ जात नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा, १२ सुट्या करायच्या, त्यातून ७ काढायच्या. संध्याकाळी घरी कुणाच्या तरी वहीचा फोटो आला, मुलाने सुंदर अक्षरात सगळं उतरवलं. गुरुवारी फळ्यावर ४२ वजा १७ आलं आणि त्याने उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं, मग तो वर असो की खाली. हा ‘नियम’ त्याने स्वतःच शोधला होता. तो दोन-तीन आठवडे तसाच राहिला, तर मोडायला एका दांडीपेक्षा कितीतरी जास्त दिवस जातात.

म्हणून वही मागू नका. बाईंना एकच प्रश्न विचारा, ‘काल हाताने काय केलं आणि तोंडी काय घेतलं?’ मग घरी १५ मिनिटं काड्या, बटणं, मिळेल ते घेऊन तेवढंच करा. वही रिकामी राहिली तरी चालेल. पण फोटो पाठवून मोकळं व्हायची घाई असलेल्यांना हे पटत नाही.

दुसरी चूक सकाळच्या पोटदुखीची. दुखणं खोटंच असतं असं नाही; धास्तीनेही पोट खरंच दुखतं. घोळ पुढे होतो. मूल घरी राहतं, दहा वाजेपर्यंत पोट थांबतं, मग कार्टून, मोबाइल, मांडीवर लाड. धास्ती टळली आणि वर बक्षीसही मिळालं, तर उद्या पोट पुन्हा दुखणारच. आधी ताप बघा. ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त असेल, उलट्या किंवा जुलाब होत असतील, तर घरीच ठेवा. औषध न देता २४ तास ताप नसेल आणि मूल तरतरीत असेल, तर पाठवा. तापाचं औषध पाजून सकाळी शाळेत ढकलणं हा शॉर्टकट नाही, वर्गभर आजार वाटणं आहे. नुसतं नाक वाहतंय म्हणून मात्र घरी ठेवू नका. आणि घरी राहिलंच तर दिवस कंटाळवाणा जाऊ द्या. अंथरूण, पुस्तक, टीव्ही-मोबाइल बंद.

उशिरा पोचणं हीसुद्धा गैरहजेरीच. रोज २० मिनिटं म्हणजे वर्षाला ४,००० मिनिटं, पाच तासांच्या शाळेचे १३ दिवस. त्यावर उपाय सकाळी शोधू नका, रात्री शोधा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते.

फाटकाशी लांबण लावू नका. मिठी, ‘सुटल्यावर मी इथेच असेन’, आणि निघा. नजर चुकवून पळणं त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी मूल हातच सोडत नाही.

डॉक्टर, दाखले, केस कापणं ही कामं शक्यतो शाळा सुटल्यावर उरका.

एवढं करूनही दोन आठवडे रडारड कमी होत नसेल, तर ‘शाळा का नको?’ असा मोघम प्रश्न सोडा. शौचालयाला एकटं जायची भीती वाटते का, शेजारी बसणारा चिमटे काढतो का, फळा नीट दिसतो का, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतो, असं एकेक विचारा. वर्गशिक्षिकांशीही बोला, तेही मूल समोर नसताना.