कुत्र्यांची पंगत एकत्र बसवू नका

घरात दोन किंवा जास्त कुत्री असतील आणि जेवायच्या वेळी गुरगुर, झटापट होत असेल, तर आधी त्यांना शेजारी बसवून शहाणं करायचा हट्ट सोडा. प्रत्येकाला स्वतंत्र जागा आणि मध्ये बंद दार, एवढं केलं की बरीचशी कटकट कमी होते.

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ एका वाड्यावर राहतो. जुनं चिऱ्यांचं घर, पुढे वसरी (ओसरी), मागे पोरसं (परसबाग). कुत्री तीन, तिन्ही गावठी. शेरू म्हातारा, अर्धे दात गेलेले. चिंगी मासळी बाजारामागे वाढलेली. बंड्या वर्षाचा, खाणं समोर आलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. सासूबाईंचं म्हणणं, एका ठिकाणी जेवली की माया वाढते. माणसांचं असेल तसं, पण कुत्र्याच्या तोंडाशी घास असताना दुसरं जवळ आलं की त्याला घास जाणार असंच वाटतं. चिंगीने तर बाजारात तेच बघितलंय. पण घरात जन्मलेली, पोटभर खाणारी कुत्रीही भांड्याची राखण करतात, तेव्हा ‘आमचा काही उपाशी नाही हो’ म्हणून निर्धास्त राहू नका.

आमच्याकडची रीत अशी. तिन्ही कुत्री बाहेर असताना भांडी ओट्यावर भरायची. मग एकेकाला आपापल्या जागी न्यायचं: चिंगी न्हाणीत दार लावून, शेरू स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, बंड्या वसरीच्या जाळीच्या दाराआड. जाळीला खालून प्लायवूडचं फळकूट टेकवलंय, कारण वास आला तर चालतं, पण दुसऱ्याचं भांडं नजरेला पडता कामा नये. आधी कुत्रं जागेवर, मग भांडं. हा क्रम उलटा केलात की भांडं हातात धरून पायात घुटमळणाऱ्या तीन कुत्र्यांमधून चालावं लागतं, आणि पहिला चावा तिथेच होतो. बोळात किंवा दाराच्या उंबऱ्यावर कधीच वाढू नका. तिथून सटकायला वाट नसते.

आता खरी गोम. आमच्याकडे ठिणगी जेवताना कमी आणि जेवण संपताना जास्त पडते. बंड्याचं मिनिटभरात उरकतं. रिकामं भांडं चाटत चाटत तो भिंतीपर्यंत ढकलतो, स्टील चिऱ्याला लागून वाजलं की मान वर करतो आणि दार उघडं राहिलं असेल तर दुसऱ्यांचं काय चाललंय ते बघायला निघतो. शेरूचं तेव्हा अर्धंही झालेलं नसतं. बंड्याचं नाक हातभर अंतरावर आलं की शेरू चावायचा थांबतो. घास तोंडात, जबडा स्थिर, मान भांड्यावर खाली, अंग ताठ आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसतं. आवाज अजून काहीच नाही. बघायची वेळ ती. काही कुत्री थांबण्याऐवजी एकदम भराभर गिळायला लागतात, अर्थ तोच. गुरगुर त्यानंतर येते, दात त्याच्याही नंतर. म्हणून सगळ्यांचं झाल्यावर भांडी उचलायची, धुवायची, आणि मगच दारं उघडायची. कोणी खाल्लं नाही तर वीस मिनिटांनी त्याचंही भांडं उचला. दिवसभर भरलेलं भांडं जमिनीवर ठेवणं म्हणजे दिवसभर राखणीला निमित्त. पाण्याची भांडी मात्र दोन-तीन ठिकाणी हवीत.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुर ही त्याची सूचना आहे. ती दाबलीत तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. तसंच, ‘माझ्या कुत्र्याने मला भांड्याला हात लावू दिला पाहिजे’ म्हणून जेवता जेवता भांडं काढून घेणारे लोक असतात. ते कुत्र्याला एवढंच शिकवतात की माणूस जवळ आला की जेवण जातं. उलट करा. तो खात असताना लांबून जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि पुढे चला. काही दिवसांनी तुम्ही दिसलात की तो मान वर करून वाट बघायला लागेल, तेव्हाच एक पाऊल जवळून जा. दुसरं कुत्रं सवयीचं करायलाही हीच युक्ती: दोन माणसं, दोन पट्टे, भरपूर अंतर, दुसरं दिसलं की चिकन, दिसेनासं झालं की चिकन बंद. आठवडे लागतात. घाई असेल तर या फंदात पडू नका, दारं लावून वाढा. माझ्या मते त्यात काहीही कमी नाही.

‘घरातला बॉस कोण ते ओळखा आणि त्याला आधी वाढा’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. ती ‘अल्फा’ची कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. ही कल्पना लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे ती सोडून दिली. मी आधी त्याला वाढते ज्याला थांबणं सर्वांत कमी जमतं, म्हणजे बंड्याला.

जेवणापेक्षा जास्त भांडणं वरखाण्यावरून होतात. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की तिन्ही गेटवर. उत्साहाच्या भरात अंगणाच्या मधोमध एक पाव टाकू नका. द्यायचाच तर तुकडे करून ज्याचा त्याला, ज्याच्या त्याच्या जागी, नाहीतर कोणालाच नको. चघळायची हाडं तर जेवणाहून वाईट, कारण ती तासभर पुरतात. बंद दाराआड द्या आणि उरलेली उचला. शिजवलेलं हाड देऊच नका, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. शागुतीचा (मसालेदार कोंबडीचा) उरलेला रस्साही नको, कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

गेटबाहेरच्या भटक्यांना तुम्ही वाढत असाल (गोव्यात कोण वाढत नाही!) तर ते आपली कुत्री आत कोंडल्यावर, आणि गेटपासून लांब. सळ्यांतून बाहेरचं जेवण दिसतं, तिथे पोचता येत नाही, मग आतल्या दोघांचा राग एकमेकांवर निघतो.

पावसाळ्यात सांभाळून. एरवी अंगण, पोरसं मिळून जागा पुष्कळ असते. जून लागला की तिन्ही ओली कुत्री वसरीवर येऊन पडतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणजे ताजा बांगडाही कमी. त्याच्या जागी सुकी मासळी देऊ नका, मीठ फार असतं. भातात अंडं किंवा चिकन घाला, आणि बदल एकदम न करता हळूहळू करा.

आजवर शांत असलेलं कुत्रं अचानक भांड्यावरून अंगावर यायला लागलं तर शिस्त लावत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. दात, कान, सांधे दुखत असतील, जंत असतील, दिसायला-ऐकायला कमी येत असेल. स्टेरॉईडचं औषध चालू असेल तर भूक वाढते. पिल्लं असलेल्या कुत्रीला तर पूर्ण वेगळी खोलीच हवी. नवीन कुत्रं आणलं असेल तर पहिल्या दिवसापासून वेगळं वाढा, पहिल्या मारामारीची वाट बघू नका.

आणि लागलीच मारामारी, तर हात मध्ये घालू नका, गळ्यातला पट्टाही धरू नका. फळकूट, खुर्ची, जे हाताशी असेल ते दोघांच्या मध्ये सरकवा. नळीने पाणी मारा, टोपाचं झाकण जमिनीवर आपटा. सुटले की दोन वेगळ्या खोल्यांत, निदान त्या दिवसापुरते. केस बाजूला करून अंग तपासा. सुळ्याचं भोक वरून टिकलीएवढं दिसतं, आत खोल असतं आणि दोन दिवसांनी पू धरतो.

माणसाला लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना काही लावू नका. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, पण म्हणून कुत्र्यांची वार्षिक लस किंवा ही धावपळ टाळायची नाही. लहान मुलं जेवणाच्या वेळी कुत्र्यांच्या आसपास नकोतच.

राहिली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घर पाहुण्यांनी भरलेलं, जमिनीवर पानं मांडलेली, बाहेर फटाके. पहिलं पान मांडायच्या आधी तिघांना जेवू घालून मागच्या खोल्यांत पोचवायचं, आणि किल्ली अशा माणसाकडे द्यायची ज्याला कुत्र्यांची दया येत नाही. आमच्याकडे ते काम दिराकडे असतं. मामेसासऱ्यांकडे दिली तर नेवरी (करंजी) घेऊन ते पहिले आत जातील.