गावाचा इतिहास छापताय? या चुका टाळा

कोल्हापूर भागात गावाचं, पेठेचं, तालमीचं किंवा एखाद्या समाजाचं इतिहासाचं पुस्तक बहुतेक वेळा उलट्या क्रमानं तयार होतं. मंदिराचं कलशारोहण ठरतं, नाहीतर दूध संस्थेला पन्नास वर्षं होतात, आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'यंदा पुस्तक काढूयाच.' मग तारीख ठरते, पाहुणे ठरतात, मांडववाला ठरतो. पुस्तकाच्या वाट्याला उरतात तीन महिने. खाली सांगितलेल्या चुकांतल्या निम्म्या या तीन महिन्यांच्या पोटातून निघतात.

कागदावरच्या सनाला 'इ.स.' चिकटवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आणि सगळ्यात जास्त वेळा होणारीही हीच. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात पाटलांच्या माळ्यावर मोडी सनद सापडली. वाचणाऱ्यानं 'सन सबा अर्बैन मया व अलफ' हे शब्द बिनचूक वाचले. सबा म्हणजे ७, अर्बैन ४०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११४७. इथपर्यंत काम चोख होतं. पुढं पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्या आकड्याच्या आधी 'इ.स.' लावलं. इ.स. ११४७ म्हणजे शिलाहार विजयादित्याचा काळ. मग पाटीलकी थेट शिलाहारांनी दिली असं ठरलं, मुखपृष्ठावर 'पावणेनऊशे वर्षांची परंपरा' आली आणि वेशीच्या कमानीवरही तीच ओळ रंगवली गेली. प्रकाशनाच्या दिवशी मोडी शिकणाऱ्या एका पोरानं मागनं विचारलं, 'शिलाहार कागदावर मोडीत लिहायचे?' शिलाहारांची दानपत्रं ताम्रपटावर नाहीतर दगडावर, आणि भाषा संस्कृत किंवा कन्नड. मुखपृष्ठावर स्टिकर लावून झाले. कमान मात्र अजून सहाशे वर्षांनी मोठी आहे.

अरबी शब्दांत लिहिलेला हा सन सुहूर सन असतो. तो मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे वरची सनद १७४६-४७ ची, करवीरच्या गादीवर संभाजीराजे असतानाची. फसली, म्हणजे शेतसाऱ्याचा सनही मृगालाच बदलतो, पण त्याला ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. हिजरीचं वर्ष चांद्र असल्यामुळं तिथं साधी बेरीज चालतच नाही. जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचा छापील तक्ता, घ्यावी लागते. तोच ११४७ चा आकडा सुहूर धरला तर १७४६-४७, फसली धरला तर १७३७-३८ आणि हिजरी धरला तर १७३४-३५ निघतो. शकाला ७८ मिळवा, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथीला ७९. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेक शकाला १६७३, पण तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला सुरू होतो हे विसरू नका.

रीत बरोबर बसली का हे बघायला पानिपताचा सन घ्या. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. जानेवारीतली लढाई, म्हणून अधिक ६००. १७६१. हे जमत नसेल तर तुमच्या कागदाला अजून हात लावू नका.

कागदावर शक आणि संवत्सर दोन्ही असतील तर ताळा घ्यायची सोय कागदातच असते. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. शके १५९६ ला बाकी ४८ येते, अठ्ठेचाळिसावा आनंद, आणि शिवराज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातलाच. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. संवत्सर जुळत नसेल तर वाचन चुकलंय, नक्कल चुकलीय किंवा कागद नंतर बनवलेला आहे. तिन्ही शक्यता गावाला सांगायला अवघड, पण छापल्यावर सांगण्यापेक्षा सोप्या.

छापताना मूळ सन जसाच्या तसा ठेवा आणि इसवी सन कंसात द्या. नुसता रूपांतरित आकडा देणाऱ्या पुस्तकावर दहा वर्षांनी कुणालाच काही तपासता येत नाही.

मोडीबद्दल आणखी एक. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळं माणसाचं नाव कुठं संपलं आणि गावाचं कुठं सुरू झालं, इथंच घोळ होतो. एका माणसाच्या वाचनावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्याकडून वाचून घ्या, आणि पहिल्याचं वाचन त्याला दाखवू नका. दाखवलं की तो तेच वाचतो.

चुकीचं दप्तर

आत्ताचा जिल्हा आणि तेव्हाचा मुलूख एक नाही. कोल्हापूर हे संस्थान होतं, ते १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच्या कागदांसाठी पहिली पायरी कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिऱ्यांचा कारभार वेगळा होता, म्हणून तिथल्या गावांचे कागद थेट संस्थानच्या दप्तरात सापडले नाहीत तर 'काहीच मिळत नाही' असं लिहून मोकळं होऊ नये. चंदगडकरांची तर हमखास फसगत होते. १८८६ चा कोल्हापूर गॅझेटिअर उलगडून बसतात आणि गावाचं नाव मिळेना म्हणून हिरमुसतात. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. १८८४ चा बेळगावचा खंड बघायचा.

कागद बघताना दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि कागदाचा क्रमांक त्याच वेळी वहीत उतरवा. 'पुराभिलेखागारातून साभार' ही तळटीप नव्हे. मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मिळाली तर पहिला फोटो रुमालाच्या चिठ्ठीचा घ्या, मग कागदांचे. नाहीतर घरी येऊन चारशे फोटो आणि कुठला कुठल्या रुमालातला हा पत्ता नाही.

भावकी

इतिहास चुकला तर चार जाणते नाराज होतात. वंशावळ चुकली तर गाव पुस्तक परत करतं. एखादी तक्षीम, म्हणजे भावकीतली शाखा, गळली, थोरल्याच्या जागी धाकटा बसला, दत्तक गेलेला दोन्हीकडं आला किंवा कुठंच आला नाही, की पालखीच्या मानापर्यंत वाद जातो. असं का होतं, तर वंशावळ गोळा करणारा एका घरी बसतो, तिथला बोलका म्हातारा सगळ्या भावकीची नावं सांगतो आणि हा ती उतरवून घेतो. म्हाताऱ्याला स्वतःची शाखा सात पिढ्या पाठ असते, चुलत्यांची तीन.

आधी हेळवी गाठा, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखत गावोगाव फिरणारा. हेळव्यांच्या वहीत घराण्याची नोंद असते आणि पुष्कळदा मूळ गाव, कुलदैवत, कुठून कुठं आले हेही. हेळवी गावात आला की घरातली बाई धान्य देऊन वाटेला लावते आणि पुस्तकवाल्यांना चार दिवसांनी कळतं. पोलीस पाटलाला आणि वाड्यावस्त्यांवर आधीच सांगून ठेवा. पण हेळव्याची वहीही पुरावा म्हणून एकटी उभी राहत नाही. तिच्या जोडीला तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तो लावा. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि जमिनीचे फेरफारही बघा. वारसाचा फेरफार भावांची नावं क्रमानं देतो आणि बऱ्याचदा विधवेचं आणि लेकींचंही नाव देतो, जे वंशावळीत कुणी सांगत नाही. लेकीसुना गाळलेली वंशावळ ही अर्धी वंशावळ, हे वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मग पडताळणी. प्रत्येक भावकीचं पान मोठ्या अक्षरात छापून चावडीत नाहीतर देवळात पंधरा दिवस लावा. शेजारी पेन बांधून ठेवा, लोक आपसूक दुरुस्त्या करतात. त्यानंतर प्रत्येक तक्षमीतल्या दोघांची त्या पानावर सही घ्या. पीडीएफ ग्रुपवर टाकून 'कुणाची हरकत असल्यास कळवावे' हे चालत नाही. तिथं सगळे अंगठ्याचं चिन्ह टाकतात आणि कुणी वाचत नाही. ज्यांच्यात वाद मिटत नाही त्यांचं म्हणणं दोन्ही बाजूंनी छापा, निवाडा करायला बसू नका.

फोटो

व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीनं आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला तो साडेपाच इंचाच्या आतच बसतो. डेमी आकाराच्या पूर्ण पानाला उभे साडेआठ इंच, म्हणजे २५५० पिक्सेल लागतात. 'स्क्रीनवर तर झकास दिसतो' हे वाक्य प्रेसमध्ये रोज ऐकू येतं. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर सरळ स्कॅनर घेऊन त्या घरी जा. जुने छापील फोटो ६०० डीपीआयला, टिफमध्ये. फ्रेममधून काढताना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट, बाजूनं उजेड घेऊन, कॅमेऱ्यानं टिपायचा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि पेन्सिलीनं लिहिलेली नावं तिथं असतात, आणि ओळखायला माणूस उरत नाही तेव्हा तेवढाच आधार राहतो. घरच्यांची लेखी परवानगी त्याच बैठकीत घ्या.

वीरगळांचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचा, फोटो सकाळी किंवा सांजवेळी तिरक्या उन्हात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून तेल, खडू, ऑइलपेंट काहीही फासू नका.

गुऱ्हाळाचं 'गुर्हाळ'

आपल्याकडं गुऱ्हाळाशिवाय गावाचा इतिहास होत नाही आणि नेमका तोच शब्द फुटतो. मजकूर अर्धा श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत टाइप झालेला, अर्धा मोबाइलवर युनिकोडमध्ये. कन्व्हर्टरमधून काढला की अर्धा र बिघडतो. गुऱ्हाळ, कुऱ्हाड, शेतकऱ्यांचा, दऱ्याखोऱ्या हे शब्द शोधून एकेक तपासा. सोबत रु आणि रू, क्ष, ज्ञ, द्ध, ह्य. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. प्रूफ वाचून झाल्यावर फॉन्ट बदलू नका. बदललाच तर पहिल्या पानापासून परत वाचा. शेवटचं प्रूफ कागदावरच वाचायचं, आणि ज्यानं लिहिलंय त्यानं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शुभेच्छा संदेश चाळीस पानं आणि सूची शून्य. संदेश चार पानांत बसवा, व्यक्तींची आणि स्थळांची सूची द्या. लोक पुस्तक हातात घेतल्यावर आधी स्वतःचं आडनाव शोधतात.

पानं सोळाच्या फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी घालून होणाऱ्या सोळा पानांच्या गटात, बसवा. १८० पानं झाली तर १७६ वर आणा नाहीतर १९२ करा.

नुसत्या गमाची बांधणी नको. गावातलं पुस्तक हातोहात फिरतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पानं सुटतात. फॉर्म शिवून घ्या. कण्याची जाडी अंदाजानं धरू नका, त्याच कागदाचा कोरा डमी प्रेसकडून मागा आणि मोजा.

आयएसबीएन मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर प्रकाशक म्हणून अर्ज करायचा. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. आयएसबीएन आला म्हणजे पुस्तक प्रमाण झालं किंवा कॉपीराइट मिळाला, असंही नाही. तो फक्त क्रमांक आहे. मात्र अर्ज मुखपृष्ठ छापायला जायच्या आधी करा.

हजार प्रती हा आकडा कुठून येतो कळत नाही. आठशे उंबऱ्यांच्या गावात तीनशे-चारशे प्रती पुरतात, आणि चुका सुधारून दुसरी आवृत्ती काढायला जागा राहते.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात, एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. गावची पुस्तकं हे हमखास चुकवतात. कायद्यात नसलं तरी करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन-दोन प्रती नेऊन पोच घ्या. पुढचा अभ्यासक तुमच्या गावात येण्याआधी तिथं जाणार आहे.

उरलेले गठ्ठे देवळाच्या तळघरात किंवा सोसायटीच्या गोदामात ठेवू नका. पंचगंगेकाठच्या गावांना २०१९ आणि २०२१ चं पाणी आठवत असेल. गठ्ठे वरच्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर सुटे. आणि छापून झाल्यावर ऑपरेटरकडून फक्त पीडीएफ घेऊन येऊ नका. मूळ फाइल, फॉन्ट आणि सगळे स्कॅन दोन हार्ड डिस्कवर घ्या. एक गावात ठेवा, दुसरी उंचावरच्या गावातल्या पाहुण्यांकडं.