मांजरीचे दात घासताय? या चुका टाळा

तोंडाला वास यायला लागला की लोकांना मांजरीचे दात आठवतात. मग त्याच संध्याकाळी ब्रश येतो, मांजर टॉवेलात गुंडाळली जाते, एकजण धरतो, दुसरा जबडा उघडतो. ही घाई फार महागात पडते. पुढे नुसता ब्रश दिसला तरी मांजर पलंगाखाली जाऊन बसते आणि महिनाभर हाती लागत नाही.

मी पहिला आठवडा फक्त गाल खाजवते आणि खाजवता खाजवता ओठ जरा वर करते. मग मांजरांसाठीची पेस्ट बोटावरून चाटायला देते. त्यानंतर बोटाला सुती कापड गुंडाळून दातांवरून फिरवते. ब्रश सगळ्यात शेवटी, महिन्याभराने. जबडा उघडायची गरजच नसते, दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झालं. सुरुवात वरच्या मागच्या मोठ्या दाढेपासून करा. तिच्यासमोरच गालात लाळेची नळी उघडते, म्हणून कीटण तिथे जास्त धरतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. आमची मनी तेव्हा सहा वर्षांची होती. खालच्या डाव्या सुळ्यामागच्या दाढेला ब्रश लागला की तिचा जबडा थरथरायचा. दाढेच्या बुडाशी लाल, मांसल ठिपका होता. मला वाटलं हिरडी सुजली आहे, घासून घासून बरी होईल. म्हणून मी नेमकं तिथेच जास्त घासत राहिले. डॉक्टरांनी भूल देऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं, दाढ मुळाशी विरघळत चालली होती. मांजरांत हा आजार बराच आढळतो, भयंकर दुखतो, आणि ब्रशने बरा होत नाही. दाढ काढावी लागली. जखम भरल्यावर मनी डाव्या बाजूनेही चावायला लागली, तेव्हा लक्षात आलं की ती कित्येक दिवस उजवीकडूनच खात होती. मांजर दुखणं लपवते. म्हणून आधी तोंड तपासून घ्या, ब्रश नंतर.

माणसांची टूथपेस्ट नको. मांजर चूळ भरत नाही, सगळं गिळते. खाण्याचा सोडा आणि टी ट्री तेलाचे घरगुती उपायही नकोत.

नखाने किंवा टोकदार हत्याराने कीटण खरवडू नका. दातावर चरे पडतात, त्यांत नवा थर आणखी पटकन धरतो, आणि हिरडीखालची घाण तशीच राहते.

कोरड्या खाण्याने दात आपोआप साफ होतात, हा गैरसमज आहे.

रविवारचा रविवार घासूनही भागत नाही. मऊ थर दोन-तीन दिवसांत टणक व्हायला लागतो, मग ब्रशने निघत नाही. रोज अर्धा मिनिट द्या, निदान एक दिवसाआड तरी.

आणि नुकतीच भुलेखाली दातांची सफाई झाली असेल किंवा दात काढला असेल, तर डॉक्टर सांगतील तोवर ब्रश बंद ठेवा.