माप तेच, वजन वेगळं

बंदुकीची काडतुसं स्वतः भरत असाल, तर पावडर, म्हणजे बारूद, बदलताच ती मोजणाऱ्या मापकाची जुनी खूण विसरा. मापक जागा मोजतो, वजन नाही. बारीक गोल दाण्यांची बॉल पावडर दाटीवाटीने बसते. तिचं एक घनसेंटिमीटर एक ग्रॅमच्या जवळपास भरतं. पातळ चकत्यांची फ्लेक पावडर मध्ये हवा धरून ठेवते, तेवढ्याच जागेत ती बऱ्याचदा अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच मावते. फ्लेकसाठी लावलेल्या मापातून बॉल ओतली, तर वजन दुपटीच्या घरात जाऊ शकतं. बंदूक फुटून हात जाण्याची वेळ येते ती अशाच चुकीतून.

दाटपणावरून जळण्याचा वेग मात्र कळत नाही, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज नकोच. भरणा, म्हणजे एका काडतुसात घालायची पावडर, उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्या, आणि तो ग्रेनमध्ये, काट्यावर मोजून. 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम!

एकाच पावडरीचं वजनही मापागणिक हलतं. मापकाच्या भरलेल्या नळीला टिचकी मारून पाहा, पातळी खाली सरकते. म्हणून मी पहिली दहा मापं काट्यावर घालतो, मगच काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांना हात लावतो. नवा डबा उघडला की पुन्हा तेच. पुंगळी मोठी आणि भरणा लहान असेल, तर दुसऱ्यांदा पडलेला भरणाही आत सहज लपतो. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघाच.