फ्रायर तापत नाही? आधी मागचं लाल बटण बघा

परवा कोपरखैरण्याच्या आमच्या गाळ्यावर ऐन संध्याकाळी फ्रायर रुसला. प्लगमध्ये लाइट येतेय, तेल मात्र ढिम्म. मेकॅनिक म्हणाला, ‘उद्या बघतो.’ आणि समोर समोश्यांची रांग!

टेबलावरच्या बऱ्याच इलेक्ट्रिक फ्रायरला हाय-लिमिट कटआउट असतो. तेल जास्त तापलं की तो पडतो, म्हणजे वीज तोडतो, आणि हाताने रिसेट केल्याशिवाय एलिमेंट (तेल तापवणारी सळई) चालू होत नाही.

१. प्लगच काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. तेल पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना बटण बसत नाही.

२. कंट्रोल बॉक्सच्या मागे किंवा खाली छोटं काळं झाकण असतं. ते फिरवून काढा आणि आतलं लाल बटण ‘टक्’ होईपर्यंत दाबा.

३. आता कटआउट कशामुळे पडला, ते शोधा. एलिमेंटजवळ पेन्सिलीसारखी धातूची नळी दिसेल, तो थर्मोस्टॅटचा (तापमान सांभाळणाऱ्या भागाचा) बल्ब, म्हणजे तेलाची उष्णता जोखणारं टोक. आमच्या नळीवर जळक्या पिठाचा काळा थर होता, नखाने निघेना. असा थर असला की बल्बला उष्णता उशिरा कळते आणि तेल जास्त तापतं. तेल काढून, खायचा सोडा लावलेल्या ओल्या नायलॉन घासणीने हलक्या हाताने घासा, पुसून कोरडी करा. मागची बारीक तार वाकवू नका, आणि कंट्रोल बॉक्सला पाणी लागू देऊ नका.

४. तेल किमान खुणेच्या वर भरा. काटकसर म्हणून कमी तेलात चालवलं तरी कटआउट पडतो.

बटण पुन्हा पडलं तर बहुधा थर्मोस्टॅट गेलाय, बदलून घ्या. ‘डायरेक्ट करून देतो’, म्हणजे कटआउट वगळून थेट वीज जोडतो, म्हणणारे भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका, तेल पेटू शकतं.